आजारी माणसाला भरवताना: घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून

आजारी माणसाच्या पोटात दोन घास जावेत म्हणून घरोघरी जी धडपड चालते, तिच्यातल्या कितीतरी गोष्टी गिळण्याच्या नेमक्या आड येतात. पलंगावर आडवं असतानाच मान उचलून चमचा तोंडात घालणं, उभ्या उभ्या भरवणं, 'एवढा एकच' म्हणत पहिला घास तोंडात असताना दुसरा पुढे करणं, घास अडकला की वरून पाणी पाजणं. हे सगळं मायेपोटीच होतं. दवाखान्यातून घरी पाठवताना गोळ्यांची यादी मिळते, 'पातळ पदार्थ द्या' असंही सांगतात, पण भरवायचं कसं हे फार कमी ठिकाणी बसवून दाखवतात.

पक्षाघात, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग, डोक्याला झालेली मोठी दुखापत, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहणं, लहान मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं), या सगळ्यांत गिळण्याची क्रिया बिघडू शकते. डॉक्टर याला डिस्फेजिया म्हणतात. पक्षाघाताच्या पहिल्या काही दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना हा त्रास असतो. बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत कमी होतो, काहींचा मात्र कायम राहतो.

गिळताना घशात काय होतं

हवा आणि अन्न यांच्या वाटा घशात एकमेकींना छेदतात. श्वासनलिका पुढच्या बाजूला, अन्ननलिका तिच्या मागे, आणि तोंडातून आलेल्या घासाला श्वासनलिकेच्या तोंडावरूनच मागे जावं लागतं. म्हणून प्रत्येक घासाला रेल्वेच्या सांध्यासारखा रस्ता बदलावा लागतो. जीभ घास मागे ढकलते, श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावर झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदात उरकतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळलात तर कंठमणी वर जाऊन खाली येताना कळतो. पुढे भरवताना हीच खूण कामाला येणार आहे.

आता यातली एखादी गोष्ट अर्धा सेकंद उशिरा झाली तर? घट्टसर घास जिभेवरून सावकाश सरकतो, तो थोडी वाट बघू शकतो. पाणी वाट बघत नाही. ते रस्ता बदलायच्या आतच खाली उतरतं आणि उघड्या श्वासनलिकेत शिरतं. म्हणूनच गिळायचा त्रास असलेल्या अनेकांना सगळ्यात कठीण पदार्थ म्हणजे साधं पाणी, आणि त्याच्या पाठोपाठ चहा, ताक, सार, सोलकढी. 'पातळ द्या, सोपं जाईल' हा सरसकट दिलेला सल्ला इथे उलटा पडू शकतो. पातळ पदार्थ सोपे असतात ते अन्ननलिका अरुंद झालेल्यांना. त्यांचा घास छातीत अडकतो, घशात नाही. दोन्ही तक्रारी 'घास उतरत नाही' याच शब्दांत सांगितल्या जातात, म्हणून नेमकं कुठे अडतंय हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवलेलं बरं.

आजारागणिक बिघाडही वेगळा असतो. पक्षाघातात एका बाजूचा गाल आणि जीभ लुळी पडते, त्या गालात अन्न साठून राहतं आणि रुग्णाला ते जाणवतही नाही. पार्किन्सन्समध्ये जीभ घास मागेपुढे घोळवत राहते. स्मृतिभ्रंशात घास तोंडात धरून माणूस बसून राहतो, कारण पुढे काय करायचं याची आठवण शरीराला होत नाही. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्यांची लाळ आटते, घशाचे स्नायू ताठर होतात. हा त्रास कधीकधी उपचारानंतर काही वर्षांनी डोकं वर काढतो. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, तरी गुटखा आणि सुपारीमुळे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही अशी तरुण मुलं आजही ओपीडीच्या रांगेत दिसतात. त्यांचा घास चमच्यापाशीच अडतो.

ठसका लागतो आणि लागत नाही

अन्न किंवा पाणी चुकीच्या वाटेला गेलं की ठसका लागतो. ठसका हा शरीराचा पहारेकरी आहे, तो लागला म्हणून घाबरायचं नसतं. पण रोज, दर जेवणाला लागत असेल तर तो काहीतरी सांगतोय हे नक्की. खरी धास्ती न लागणाऱ्या ठसक्याची असते. घशाची संवेदनाच मंदावली असेल तर पाणी स्वरतंतूंच्या खाली उतरतं आणि माणूस शांतपणे जेवत राहतो. घरचे म्हणतात, 'छान जेवले, एकदाही खोकले नाहीत.' आणि तीन दिवसांनी ताप येतो.

म्हणून ठसक्याखेरीज बाकीच्या खुणांकडेही बघावं लागतं. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, गुरगुरता होतो का? 'आ' म्हणायला सांगितलं की घशात पाणी खळखळतंय असं वाटतं का? जेवताना डोळ्यांत पाणी, नाकातून पाणी येतं का? धाप लागते का? जेवण अर्ध्या-पाऊण तासाच्या वर रेंगाळतं का? वजन उतरत चाललंय का, आणि कारण न सापडणारा ताप पुन्हा पुन्हा येतोय का? एखाद्या आजोबांनी आपणहून पाणी पिणं सोडलं, पंगतीत बसणं टाळलं, 'मला भूकच नाही' म्हणायला लागले, तर तो हट्ट असेलच असं नाही. ठसक्याची भीती आणि चारचौघांत होणारी पंचाईत माणसाला ताटापासून दूर नेते.

फुप्फुसात गेलेल्या अन्नाबरोबर तोंडातले जंतूही जातात आणि न्यूमोनिया होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या मृत्यूमागे हा न्यूमोनिया फार वेळा असतो.

बसवणं

भरवण्याआधीची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. माणूस पूर्ण जागा हवा. गुंगीत असलेल्या, पेंगणाऱ्या माणसाला 'औषधाची वेळ झाली' म्हणून भरवू नये. जेवण तासभर पुढे गेलं तर काही बिघडत नाही. शक्यतो खुर्चीत बसवावं, पाठ सरळ, कंबर मागे टेकलेली, पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले. पलंगावरच भरवायचं असेल तर पाठीमागे उशा, गाद्यांच्या वळकट्या लावून जितकं सरळ करता येईल तितकं करावं, आणि गुडघ्यांखाली एक उशी, म्हणजे माणूस खाली घसरत नाही. एका बाजूला झुकत असेल तर त्या बगलेत टॉवेलची गुंडाळी. मान मागे पडलेली नको, हनुवटी किंचित खाली.

मान मागे टाकली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. आपल्या सवयींमध्ये मान मागे टाकायचे प्रसंग किती आहेत बघा: तांब्या उंच धरून वरून पाणी पिणं, तळाशी उरलेलं ताक ग्लास उपडा करून संपवणं, तीर्थ घेणं, गोळी घशाशी टाकून घटाघट पाणी पिणं. निरोगी माणसाला यातलं काहीच बाधत नाही. गिळणं कमकुवत झालेल्याला यातली प्रत्येक गोष्ट बाधू शकते. यावर एक सोपी युक्ती आहे. प्लास्टिकच्या मऊ ग्लासाची एका बाजूची कड नाकाच्या आकाराएवढी अर्धगोल कापून टाकायची, कापलेली कड गुळगुळीत करायची आणि दुसऱ्या बाजूने प्यायला द्यायचं. ग्लास नाकाला अडत नाही, त्यामुळे मान मागे न टाकता शेवटचा घोटही पिता येतो. चोच असलेले सिपर कप सोयीचे वाटतात, पण त्यांतून द्रव थेट मागे जातो आणि मानही वर होते. बशीत ओतून फुरका मारत चहा पिणाऱ्यांना कप किंवा चमचा द्यावा. फुरक्याबरोबर श्वास आत ओढला जातो आणि चहाही त्याच वाटेने जाऊ बघतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाला पाय पसरून मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने पाजणं, पेज भरवणं आजही चालतं. तिथेही तेच: डोकं आणि पाठ यांना आधार देऊन उठवून बसवावं, मान मागे लटकू देऊ नये.

जेवण झाल्यावर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवावं. लगेच आडवं केलं तर घशात उरलेलं खाली उतरतं आणि पोटातलंही वर येतं.

भरवणारा हात

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्याबद्दल. ताटात काय आहे याची चर्चा घरात खूप होते. ते कोण, किती वेगाने भरवतंय याची होत नाही.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १८९ वृद्धांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. न्यूमोनिया कोणाला होतो याचा अंदाज बांधताना सगळ्यात ठळकपणे पुढे आली ती गोष्ट म्हणजे, दुसऱ्याच्या हातून खावं लागणं. निव्वळ गिळण्यातला दोष तितका ठळक ठरला नाही. दुसऱ्याच्या हातून खाणारे मुळातच जास्त आजारी असतात, हे खरंच. पण स्वतःच्या हाताने खाणारा माणूस घास कधी घ्यायचा, केवढा घ्यायचा, कधी थांबायचं हे स्वतः ठरवतो. भरवताना तो ताबा आपल्या हातात येतो, आणि आपल्याला स्वयंपाकघरात कुकर लावायचा असतो.

म्हणून जिथे जमेल तिथे घास त्यांच्याच हातात द्यावा. वेळ जास्त लागेल, अंगावर सांडेल. मांडीवर नॅपकिन टाकावा आणि सांडू द्यावं. हात थरथरत असेल तर जाड मुठीचा चमचा द्यावा. साध्या चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळूनही तो होतो. स्मृतिभ्रंशात चमचा त्यांच्या हातात देऊन, त्या हाताखाली आपला हात धरून तोंडापर्यंत नेला की पुष्कळदा जुनी सवय जागी होते आणि पुढचे दोन घास ते आपले आपण घेतात. आयुष्यभर हाताने वरणभात कालवून खाल्लेल्या माणसाला काटा-चमचा परका वाटत असेल, तर हातच बरा.

भरवावंच लागत असेल तर त्यांच्यासमोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसून भरवावं. उभं राहून भरवलं की ते वर बघतात आणि हनुवटी उचलली जाते. चहाचा लहान चमचा घ्यावा, तोही अर्धा-पाऊण भरलेला. चमचा समोरून, थोडा खालच्या बाजूने आणावा, जिभेवर हलका दाबून सरळ बाहेर काढावा. वरच्या दातांवर पुसून घास आत पाडू नये. पक्षाघातात घास चांगल्या बाजूच्या गालाकडे ठेवावा. मग थांबायचं. कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे एक गिळणं झालं. बायकांमध्ये तो दिसत नाही, पण गळ्याची हालचाल दिसते. काहींना एका घासाला दोनदा गिळावं लागतं. तोंड उघडायला सांगून आत काही उरलंय का बघावं, विशेषतः लुळ्या गालात, आणि मगच पुढचा चमचा. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नयेत. टीव्ही बंद. नातवंडांनी गप्पा जेवणानंतर माराव्यात.

आणि आग्रह. आपल्याकडे जेवू घालण्यात जेवढी माया असते तेवढाच आग्रह असतो, आणि इथे तो आवरता घ्यावा लागतो. अर्ध्या तासात माणूस दमतो. दमलेले स्नायू शेवटच्या चार घासांना दगा देतात. दोन वेळा पोटभर जेवायला बसवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं. तोंड मिटून घेणं, मान फिरवणं, चमचा हाताने लोटणं हा नकार आहे, तो मानावा. नाक दाबून किंवा गाल दाबून तोंड उघडायला लावणं कधीही करू नये.

घरात दोन-तीन जण आलटून पालटून भरवत असतील, ब्युरोच्या मावशी असतील, तर कसं बसवायचं, किती घट्ट द्यायचं, कोणती बाजू चांगली हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावावं. सुट्टीत बदली मावशी येते तेव्हा हा कागद फार मोलाचा ठरतो. भेटायला येणारे पेढा आणतात आणि प्रेमाने थेट तोंडात घालतात. त्यांना दारातच सांगावं. वाईट वाटलं तरी चालेल.

ताटात काय

गिळायला कठीण पदार्थ ओळखायला चार गोष्टी बघाव्यात: तो सुटा-सुटा होतो का, चिकटतो का, धागे किंवा सालं आहेत का, आणि त्यात घट्ट आणि पातळ असं एकत्र आहे का.

सुटं होणारं म्हणजे पोहे, चिवडा, कोरडा झुणका, शेंगदाण्याची चटणी, फडफडीत भात. चिकटणारं म्हणजे साबुदाण्याची खिचडी, पेढा, मोदकाची उकड, मऊ पाव. पावाचा तोंडात गोळा होतो आणि तो घशाला घट्ट बसतो, म्हणून 'पाव मऊ असतो' यावर विसंबू नये. धागे आणि सालं म्हणजे शेवग्याची शेंग, पालेभाजीचे देठ, टोमॅटोची साल, मटार. चौथा प्रकार सगळ्यात फसवा आहे. पातळ आमटीत भात, दुधात कुस्करलेली चपाती, शेवयांची खीर, साबुदाण्याची लापशी, मिसळ: आजारी माणसासाठी आपण हेच हौसेने करतो. तोंडात पातळ भाग आधी सुटतो आणि घरंगळतो, घट्ट भाग चावायचा राहतो. एकाच वेळी दोन वेगळ्या वेगांचं अन्न सांभाळणं कमकुवत घशाला जमत नाही. कलिंगड, संत्रं चावल्यावर असंच होतं. आइस्क्रीमसुद्धा तोंडात पाणी होतं, हे लक्षात ठेवावं.

तोच भात गुरगुट्या शिजवून, घट्ट वरणात आणि तुपात घोटून एकजीव केला तर चांगला चालतो. पाणी वेगळं दिसता कामा नये आणि चिकट गोळाही होता कामा नये. मऊ पिठलं, नाचणीचं सत्त्व, भोपळ्याचं भरीत दह्यात घोटून, पिकलेलं केळं किंवा पपई कुस्करून, चारोळ्या-वेलदोड्याचे दाणे नसलेलं श्रीखंड, मऊ घोटलेली अंडी, काटे नीट काढून रश्श्यात कुस्करलेला मासा. मेतकूट आवडत असेल तर ते आधी तुपात किंवा दह्यात कालवावं, कोरडी पूड वरून भुरभुरली की ती उडते आणि ठसका लागतो. आणि फोडणी! मोहरी, कढीपत्ता, खोबऱ्याचे तुकडे, कोथिंबिरीचे देठ घशात राहून जातात. फोडणी वेगळी करून, गाळून, फक्त तेल वरणात घालावं. चव येते. बेचव लगदा रोज खाऊन माणूस कंटाळतो आणि वजन उतरतं, म्हणून चवीकडे दुर्लक्ष करू नये. वाटून द्यायचं असेल तर भाजी, वरण, भात वेगवेगळे वाटून ताटात वेगळे ठेवावेत. सगळं मिक्सरमध्ये एकत्र फिरवलेला करडा लगदा कुणालाही जेवण वाटत नाही.

किती मऊ, किती घट्ट हे सगळीकडे सारखं मोजता यावं म्हणून एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ साली शून्य ते सात अशा आठ पायऱ्या ठरवल्या. त्यांना आयडीडीएसआय म्हणतात. शून्य म्हणजे पाणी, सात म्हणजे तुमचं-आमचं नेहमीचं जेवण. यातल्या काही कसोट्या घरी करता येतात. काट्याने पदार्थ दाबावा. अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतक्या दाबाने तो चेचला गेला आणि काटा उचलल्यावर पुन्हा फुगला नाही, तर तो पुरेसा मऊ. मोठ्यांच्या पाचव्या पायरीच्या जेवणात तुकडे ४ मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत, साधारण काट्याच्या दोन दात्यांमधल्या फटीएवढे. सहाव्या पायरीला दीड सेंटिमीटरपर्यंत चालतात.

द्रवासाठी १० मिलीची सिरिंज लागते. तिच्यावरची शून्य ते दहा ही पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब आहे का ते आधी मोजावं, कारण सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात. आतला दट्ट्या काढायचा, खालच्या तोंडाला बोट लावायचं, दहापर्यंत द्रव भरायचा, बोट काढून १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बोट लावायचं. जवळजवळ सगळं निघून गेलं तर ते पाण्याइतकं पातळ. १ ते ४ मिली उरलं तर पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ च्या वर उरलं तर तिसरी. थेंबही पडला नाही आणि चमच्यावर आकार धरून राहिलं तर चौथी. कोणती पायरी द्यायची हे मात्र आपण ठरवायचं नाही, ते तपासणीनंतर ठरतं.

द्रव घट्ट करायला दोन प्रकारच्या पुडी मिळतात, पिष्टाच्या आणि झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाच्या. पिष्टाने घट्ट केलेला द्रव ठेवला की आणखी घट्ट होत जातो आणि लाळ लागली की पातळ होतो, कारण लाळेतलं विकर पिष्ट तोडतं. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडवला की शेवटी वाटीत पाणी सुटलेलं दिसतं ते यामुळे. तांदळाची पेज आणि नाचणीचं सत्त्व यांनाही हेच लागू. म्हणून थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून द्यावं. झँथन गमवर लाळेचा परिणाम होत नाही.

पाण्याचा तिढा

घट्ट केलेलं पाणी सुरक्षित, मग प्रश्न सुटला, असं वाटतं. तसं नाही. अमेरिकेत स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन्स असलेल्या ५१५ जणांवर तीन महिने एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली आले. काहींना हनुवटी खाली करून साधे द्रव प्यायला दिले, काहींना घट्ट केलेले. न्यूमोनियाच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, पण घट्ट द्रव पिणाऱ्यांमध्ये शरीरातलं पाणी कमी होण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. कारण उघड आहे: घट्ट पाणी कुणाला आवडत नाही, त्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही, आणि माणूस पिणं कमी करतो. घट्ट द्रवाचा उपयोग नाही असा याचा अर्थ नाही. तो काहींना अत्यंत गरजेचा असतो. पण तो सुरू केला की लघवीचा रंग, जीभ कोरडी पडते का, दिवसभरात किती वाट्या पोटात गेल्या यावर लक्ष ठेवावंच लागतं, मराठवाडा-विदर्भातल्या उन्हाळ्यात तर जास्तच.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरातल्या फ्रेझर पुनर्वसन केंद्राने १९८४ पासून एक वेगळी वाट धरली: निवडक रुग्णांना तोंड स्वच्छ घासून, सरळ बसवून, जेवणाबरोबर नव्हे तर दोन जेवणांच्या मधे साधं पाणी द्यायचं. स्वच्छ तोंडातून थोडं पाणी फुप्फुसात गेलं तर शरीर ते शोषून घेऊ शकतं. धोका असतो तो अन्नकणांचा आणि जंतूंचा. हे सगळ्यांना लागू नाही, पण गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टना जरूर विचारावं. कित्येक घरांत 'पाणी बंद' असं एकदा सांगितलं गेलं आणि नंतर कुणी पुन्हा तपासलंच नाही, असं होतं.

तोंड स्वच्छ ठेवणं

जपानमधल्या ११ वृद्धनिवासांत ४१७ जणांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे दात आणि तोंड दर जेवणानंतर नीट साफ केले जात होते त्यांच्यात दोन वर्षांत ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत १९ टक्के. ब्रश आणि पाच मिनिटं यापलीकडे यात खर्च नाही. दात नसले तरी हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू ओल्या गॉजने पुसावी. कवळी काढून घासावी, रात्री काढून ठेवावी. वजन उतरल्यावर सैल झालेली कवळी जेवताना घालू नये. चूळ भरता येत नसेल तर टूथपेस्ट अगदी थोडी आणि मान किंचित पुढे. नळीतून अन्न घेणाऱ्याचं तोंडही रोज साफ करावं लागतं. 'तोंडाने खातच नाहीत, घासायचं कशाला' हा समज घातक आहे.

गोळ्या

गोळी घट्ट दह्यात किंवा केळ्याच्या लगद्यात बुडवून दिली की सोपी जाते. गोळी कुटण्याआधी मात्र औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. अनेक औषधांचं सिरप किंवा विरघळणारी गोळी मिळते. पार्किन्सन्समध्ये लेव्होडोपा या औषधाचा असर चांगला असतो त्या वेळेत जेवायला बसवलं तर गिळणंही सुधारतं, म्हणून गोळीची आणि जेवणाची वेळ जुळवून घ्यावी.

घास अडकलाच तर

माणूस जोरात खोकत असेल, आवाज निघत असेल, तर त्याला पुढे वाकवून खोकू द्यावं. पाठीवर थापट्या मारू नयेत, पाणी तर मुळीच देऊ नये. आवाज निघत नाही, खोकता येत नाही, हात गळ्याकडे जातोय, ओठ निळे पडताहेत: आता घास पूर्ण अडकला आहे. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार तडाखे द्यावेत. नाही निघाला तर मागून कमरेला विळखा घालावा, एक मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवून, दुसऱ्या हाताने ती पकडून आत आणि वर असे पाच झटके द्यावेत. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहावं. गरोदर किंवा खूप स्थूल व्यक्तीला पोटाऐवजी छातीच्या मध्यावर. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छाती दाबायला सुरुवात करावी. तोंडात दिसत नसलेला घास बोटाने शोधायला जाऊ नये, तो आणखी खाली जातो. पोटावर झटके दिले असतील तर नंतर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवावं.

याच ओघात आणखी एक. कुणाला फिट आली, अर्धांगाचा झटका आला, माणूस कोसळला, की पहिलं काय होतं? कुणीतरी पाणी घेऊन धावतं. त्या वेळी तोंडात काहीही घालू नये: पाणी नाही, साखर नाही, गोळी नाही. पक्षाघाताच्या रुग्णाचं गिळणं रुग्णालयात तपासेपर्यंत त्याला उपाशीच ठेवतात, ते याचसाठी.

नाकातली नळी

राईल्स ट्यूब म्हटलं की घरचे खचतात. पक्षाघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ती बहुधा तात्पुरती असते आणि तिच्यामुळे पोषण सुरू राहतं. जास्त काळ लागणार असेल तर पोटातून बसवायची पेग नळी सुचवतात. पण नळी घातली म्हणजे न्यूमोनियाचा धोका संपला असं होत नाही; लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न फुप्फुसात जाऊ शकतंच. नळीतून देतानाही डोक्याकडची बाजू उंच हवी आणि नंतर काही वेळ तशीच ठेवावी.

शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशाचं मात्र वेगळं आहे. तिथे नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा नाही, आणि अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ साली नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवत राहण्याची स्पष्ट शिफारस केली आहे. थोडं जाईल तेवढं जाईल, आवडीचं जाईल. हा निर्णय मुलांनी 'आम्ही उपाशी ठेवलं' अशा अपराधी भावनेतून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. डॉक्टरांबरोबर बसून, आईवडिलांना काय चाललं असतं हे आठवून घ्यावा.

कुणाला दाखवायचं

गिळण्याची तपासणी आणि उपचार स्पीच थेरपिस्ट करतात. 'आमच्या वडिलांचं बोलणं ठीक आहे, स्पीच थेरपी कशाला?' असं अनेकजण विचारतात. जीभ, ओठ, स्वरतंतू बोलायला आणि गिळायला तेच वापरले जातात, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, ती विचारून घ्यावी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, नायर रुग्णालयाचा वाक् व श्रवण विभाग, कर्करोगाच्या रुग्णांसाठी टाटा मेमोरियल रुग्णालय ही ठिकाणं आहेत. राज्याच्या सीमेपलीकडे, कर्नाटकात म्हैसूरला १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे.

ते आधी बोलतील, तोंड तपासतील, खाताना बघतील. ठसका न लागता आत जातंय अशी शंका असेल तर बेरियम मिसळलेला घास गिळताना चालता एक्स-रे काढतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं बघतात. मान कुठे वळवायची, हनुवटी किती खाली, कोणते व्यायाम, हे त्यावरून ठरतं. हनुवटी खाली केल्याने काहींना फायदा होतो आणि काहींचं आणखी बिघडतं, म्हणून यूट्यूबवर बघून व्यायाम सुरू करू नयेत.

तालुक्याच्या ठिकाणी ही सोय नसेल तर व्हिडिओ कॉलवर पहिला सल्ला घेता येतो. जाण्याआधी एका पूर्ण जेवणाचं मोबाइलवर चित्रण करून ठेवावं, बाजूने, गळा दिसेल असं. पाणी पितानाचं वेगळं. गेल्या काही महिन्यांतलं वजन, ताप आलेल्या तारखा, चालू औषधांची यादी आणि छातीचे जुने एक्स-रे बरोबर न्यावेत. घरी जे अन्न देता त्यातलं थोडं डब्यात आणि रोजचा चमचाही घेऊन जावा. आणि जो माणूस घरी रोज भरवतो, त्याला नक्की बरोबर न्यावं.